गुदैबियातली खिरापत

सुधाचा ट्रंक कॉल शेजारच्या वकिलांच्या घरी आला. माझी धाकटी बहीण एरवी फोनवर आधी हवापाण्याचं बोलते. त्या दिवशी मात्र तिने थेट म्हटलं, "ताई, मंजिरीला घेऊन जा."

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट आहे. मी सांगलीत एका शाळेत गणित शिकवायचे, घरात एकटीच. मंजिरी, म्हणजे सुधाची बारा वर्षांची लेक, दोन वर्षांची असताना आई-बाबांबरोबर बहरीनला गेली होती. आता ती घरात कुणाशी बोलेनाशी झाली होती. मराठी मंडळींत गेली तर कोपऱ्यात कॉमिक घेऊन बसायची. सुट्टीत सांगलीला आली की नात्यातली पोरं "अरबीण आली" म्हणून चिडवायची. "पोरगी धड ना इकडची ना तिकडची झालीय," सुधा म्हणाली. तिथल्या इसा टाउनच्या शाळेतल्या बाईंनी आस्थेने ऐकून घेतलं, पण उपाय त्यांच्याकडेही नव्हता. ओळखीच्या बायकांचं एकमत झालं होतं की मुलीला देशात पाठवा. मी त्याच आठवड्यात खिडकीशी तिच्यासाठी टेबल आणून ठेवलं. खरं सांगायचं तर मला फार आनंद झाला होता.

ऐन नवरात्रात रजा काढून निघाले. मुंबईहून विमानात शेजारी सुट्टी संपवून परतणारे मालवणचे एक ड्रायव्हर होते, मांडीवर लोणच्याची बरणी. म्हणाले, "बाय, स्वेटर आणलंस मां? भायर भट्टी, नि आत म्हाबळेश्वर." मला ती थट्टा वाटली. बँकेत नोकरीला असलेल्या मेव्हण्यांच्या एसी ऑफिसात तासभर बसले तेव्हा कळलं की तो माणूस खरंच बोलत होता. तुम्ही जाल तेव्हा शाल हाताशी ठेवा.

विमान खाली यायला लागलं आणि मी खिडकीला नाक लावलं. समुद्र म्हणजे निळा, एवढंच मला माहीत होतं. इथे आधी गडद जांभळा, मग हिरवा, मग काठाशी चक्क दुधी. मधे वाळूचा एवढासा तुकडा, आणि त्यावर माझ्या बहिणीचं घर.

ते घर गुदैबियात, तिसऱ्या मजल्यावर. या वस्तीत पायी फिरावं. केरळी दुकानात नारळ, गुजराथ्याकडे तूरडाळ, आणि कोपऱ्यावर भट्टीतून निघणारी गरम खुब्ज, ताटाएवढी रोटी, चहाबरोबर खायची. एक सूचना: दिनाराचा रुपयांत हिशेब करू नका, नाहीतर तो चहासुद्धा घशाखाली उतरत नाही.

मंजिरीने माझ्या पाया पडून "हाय मावशी" म्हटलं. सांगलीची शाळा, टेबल, खिडकी, सगळं मी वर्णन करून सांगितलं. "ओके मावशी. आय नो. मॉम टोल्ड मी," एवढंच उत्तर आलं. हट्ट नाही, रडणं नाही. मला वाटलं, चला, पोर समजूतदार आहे.

बुधवारी शाळेच्या बसमधून उतरताच मंजिरी म्हणाली, उम्म युसुफकडे जायचंय, येतेस? उम्म युसुफ म्हणजे त्यांच्या इमारतीची मालकीण, सत्तरीची, राहायला बुसैतीनला. मेव्हण्यांनी पूल ओलांडून आम्हाला तिच्या दारात सोडलं. काळा पायघोळ अबाया, हातात काठी, आणि तोंड उघडलं तर अस्सल मुंबईची हिंदी. तिचे वडील मोत्यांचे व्यापारी. ती लहानाची मोठी झाली मुंबईत, आणि अकराव्या वर्षी तिला इथे परत आणलं.

"चलो, पानी उतरा है," म्हणत ती आम्हाला मागच्या किनाऱ्यावर घेऊन गेली. ओहोटी होती. मंजिरी चपला काढून पुढे झाली, चिखलातून मला हात देत. एके ठिकाणी ती थांबली, वाकली, ओंजळ भरली. "पी, मावशी."

समुद्राचं पाणी कसलं पितेस, म्हणणार होते. पण तिथे वाळूतून बुडबुडे येत होते. मी प्यायले. पाणी गोड होतं. चहूकडे खारा समुद्र आणि त्याच्या पोटातून गोड्या पाण्याचा झरा. अंगावर काटा आला. पूर्वी मोती काढणारे बुडी मारून असल्या झऱ्यांचं पाणी पखालीत भरून आणत, असं मंजिरीने सांगितलं. मग वळून तिने काठावरच्या म्हातारीला अरबीत काहीतरी ओरडून सांगितलं, म्हातारी हिंदीत हसून ओरडली, आणि दोघींचं ते सुरूच राहिलं. जी पोर घरात चार शब्द बोलत नव्हती ती इथे धबधब्यासारखी बोलत होती. मी थक्क होऊन बघत राहिले.

"ले जाएगी इसको?" उम्म युसुफने मला हळूच विचारलं.

"हो. तिकडे आपल्या लोकांत राहील."

"मेरे को भी अपने लोग में लाया था. लड़की लोग मेरे को हिंदिया बोलती थी. मैं चने-सिंगदाने के वास्ते रोती थी. ये वहाँ जाके इधर के वास्ते रोएगी." तिने काठी वाळूत रोवली. "मेरे को पूछने वाला कोई नहीं था. इसको मैं है ना."

 परतीच्या गाडीत खिडकीजवळचं टेबल डोळ्यांपुढून हलेना.

शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, सुधाच्या गच्चीत भोंडला होता. पाटावर खडूने हत्ती काढलेला, भोवती वीसेक मुली-बायका फेर धरून. मंजिरी कठड्याशी एकटी. तिला गाण्यांचे शब्द येत नव्हते. गाणी संपली की प्रत्येक घरची खिरापत झाकल्या डब्यातून पुढे यायची, ती वाजवून ओळखायची. चिवडा, शंकरपाळे, करंज्या पटापट ओळखल्या गेल्या.

तेवढ्यात उम्म युसुफ जिना चढून आली. मंजिरीने तिला हा खेळ कधीतरी सांगितला होता म्हणे. तिने डबा पुढे केला. "बोलो, क्या है?"

"गोड की तिखट?" "लाडू?" "वड्या?" बायका थकल्या. उम्म युसुफ नुसती मान हलवत होती.

मंजिरी कठड्यापासून फेराच्या मधे आली. डबा कानाशी धरून हलवला, झाकणाच्या फटीशी नाक नेलं. "बथीथ," ती म्हणाली. मग सगळ्यांकडे बघून, अडखळत, मराठीत: "पीठ रोस्ट... भाजायचं. खजूर कुस्करायचा. तूप."

"वेलची?" कुणीतरी विचारलं.

"हो, वेलची. आणि ही सुंठ पण टाकते."

बायकांनी तिला गराडा घातला. किती पीठ, कुठला खजूर, किती दिवस टिकतं. ती उत्तरं देत होती, अडलेला शब्द उम्म युसुफला विचारत होती. सुधा पदराने डोळे पुसत होती.

रात्री मंजिरी माझ्याशेजारी येऊन बसली. "मावशी, मी नाही आले तर तू रागावशील?"

"रागावेन," मी म्हटलं. "पण येऊ नकोस."

तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

पुढे सुधाने फोनवर सांगितलं, उम्म युसुफच्या दिवाणखान्यात आता दर आठवड्याला चार-पाच मुलं जमतात, कुणी मराठी, कुणी मल्याळी, तिची स्वतःची नातवंडंसुद्धा. मुलांना घेऊन परदेशी जाणाऱ्यांनी शाळा, डॉक्टर, वाणी सगळं बघावंच, पण आपल्या मुलासारखं वाढलेलं एखादं मोठं माणूसही तिथे शोधावं. ते अनपेक्षित दारात सापडतं.

त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी एकटीच सांगलीला पोचले. आमच्या बोळात शेवटचा भोंडला रंगला होता. मी बॅगेतला बथीथचा डबा काढून मुलींपुढे वाजवला. लाडू, बर्फी, अनारसे, सगळं विचारून झालं. शेवटी सगळ्यांनी हार मानली. ओळखणारी तिकडे होती, तिच्या घरी.