गोदाम राखणाऱ्या आक्का

"पाडायचं काय, कवाबी पाडता येतंय. आधी बघूया तरी," असं म्हणत आक्का पदर कमरेला खोचायच्या आणि भिंतीवर तळहात ठेवून उभ्या राहायच्या. मग बॅगेतून लॅपटॉप निघायचा.

बेळगावातल्या वडगावच्या विणकर घरातली मुलगी, शिकून इंजिनीअर झालेली. तिथंच कॅम्पात त्यांचं ऑफिस होतं. वयानं मोठी माणसंही त्यांना आक्काच म्हणत. मी निपाणीतला कंत्राटदार. आमची ओळख झाली ती तंबाखूच्या एका जुन्या गोदामापायी. मालक अण्णांना तिथं कॉलेजच्या मुलींसाठी वसतिगृह बांधायचं होतं. गोदाम पाडून तीन मजली, समोर सगळी काच. पाडायचं काम माझं आणि नकाशा आक्कांचा, असं ठरलेलं.

आक्कांनी दिवसभर तिवईवर यंत्र फिरवून गोदाम आतून-बाहेरून मोजलं. पुढच्या आठवड्यात अण्णांच्या घरी पुढच्या सोप्यात लॅपटॉप उघडला, तर पडद्यावर अख्खं गोदाम उभं! वासे, कौलं, भिंतीतल्या भेगासुद्धा.

"हे माजंच व्हय?" अण्णा चष्मा पुसत म्हणाले.

"तुमचंच. ऊन बी तुमच्याच निपाणीचं."

त्यांनी पडद्यावर मे महिन्यातली दुपार आणली. अण्णांच्या मनातली काचेची इमारत तापून लालभडक झाली. जाड भिंतींचं गोदाम मात्र हिरवं, गार. जुनं राखलं तर किती सिमेंट वाचेल, कुठला वासा कुठं वापरता येईल, हे लॅपटॉपमधल्या एआयनं बसल्या बैठकीत मांडलं. अण्णांनी लॅपटॉप जवळ ओढून दोन्ही चित्रं पुन्हा पाहिली. मग म्हणाले, "बरं, राखून बघा."

आक्कांचा स्वतःचा बेत लांबलचक छप्पर अखंड ठेवायचा होता. एआयनं सुचवलं, मध्ये छप्पर उघडून चौक करा, वारा खेळेल. आक्कांना ते रुचलं नाही. त्यांनी कागदावर सगळा हिशेब पुन्हा केला, आणि हसल्या. "आपला बेत हरला की वो! हरू दे. पोरींस्नी वारा मिळतोय न्हवं?"

तुम्हीही हुशार माणसं पाहिली असतील. इतक्या खुशीत हरणारी मी तरी दुसरी पाहिली नाही.

काम सुरू व्हायच्या आधीच पावसानं झोडपलं आणि गोदामाची एका कोपऱ्यातली भिंत फुगली. अण्णा घाबरले. त्यांच्या सांगण्यावरून मी जेसीबी आणून दारात उभा केला. आक्का भिजत एसटीनं आल्या. आल्या आल्या पुन्हा यंत्र फिरवलं, नवं चित्र जुन्यावर ठेवलं. फक्त तो कोपरा सरकला होता. बाकी भिंती जागच्या जागी. एआयनं सुचवलेल्या कारणांत पाणी मुरण्याचं होतं, म्हणून तिथं खणलं. पन्हाळीचं पाणी नेणारा जमिनीतला पाइप फुटलेला निघाला.

अण्णांचा जीव तरीही थाऱ्यावर नव्हता. "आक्का, खरं सांगा. तुमची पोरगी ठेवशीला काय ह्या भिंतीखाली?"

आक्कांनी भिंतीवर हात ठेवला. "आज न्हाय. आज हितं मांजर बी ठेवणार न्हाय. ह्यो कोपरा पायापासनं नवा करूया. मग ठेवीन."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. "परत जाऊ दे रं त्यो जेसीबी."

चौकासाठी आतली भिंत पाडली, तिच्या विटांतूनच तो कोपरा पुन्हा उभा राहिला. पुढं आक्कांच्या मुलीला निपाणीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. आक्कांनी तिच्यासाठी नेमकी त्या कोपऱ्यातली खोली मागून घेतली. भाषण नाही, काही नाही. मुलीची ट्रंक स्वतः आत नेऊन ठेवली, एवढंच.

आता त्या बेळगावात नाहीत. कारवारकडं जुन्या शाळा पाडायच्या होत्या. त्या राखायला आक्का गेल्या, तिथंच रमल्या.

परवा वसतिगृहाचा एक नळ बघायला गेलो होतो. भर दुपार, त्यात लाईट गेलेली, तरी आत गारवा. हे आक्कांना सांगावं म्हणून फोन लावला. उचलला नाही, असतील कुठल्यातरी छपरावर. चौकाच्या कडेला गार फरशीवर एक मुलगी गाढ झोपली होती. उशाशी उघडं पुस्तक, आणि त्याची पानं वाऱ्यानं एकेक करून उलटत होती.