चार वेळा आत घेतलेली पँट

दादा अग्निशमन दलात बावीस वर्षं शिडीवर होता. मी शिंपी, त्याचा गणवेश मीच शिवायचो. त्यामुळे त्याच्या पोटाचा घेर मला वहिनीपेक्षा जास्त ठाऊक.

यंदा नव्या साहेबांनी नियम काढला. वजन नव्वदच्या वर गेलं की शिडी बंद, कायमचं टेलिफोनवर बसायचं. दादा होता एकशे चार. टेलिफोनचं नाव काढलं तरी त्याच्या कपाळाला आठी पडायची. कुणाचं तरी ऐकून त्याने भात, पाव, बटाटा, साखर सगळं सोडलं. अंडी, मासे, पालेभाजी, बस्स. मला राग यायचा. चहा बिनसाखरेचा झाला, तसं त्याचं बोलणंही. पण वजन उतरलं, खोटं कशाला बोलू? पाच महिन्यांत चार वेळा मी त्याची गणवेशाची पँट कमरेत आत घेतली.

वजनाची आणि जिन्याची परीक्षा एकाच सकाळी होती, एकीत जरी नापास झालं तरी टेलिफोनच. नळीचं भेंडोळं खांद्यावर घेऊन आठ मजले, साडेतीन मिनिटांत. जिन्याची काळजी कुणालाच नव्हती. एकशे चारचा असताना तो गप्पा मारत चढायचा. शेवटचे दोन दिवस भात खा, पायांना लागतो, असं दलातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं. वहिनीने केलाही. दादाने ताट सारलं. काटा पुढे सरकेल म्हणाला. वजन झाल्यावर खायला दिलेली दोन केळीसुद्धा डब्यातून तशीच परत आली.

काटा एकोणनव्वदवर थांबला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सहाव्या मजल्यावर दादा पायरीवर बसला. दुखत काही नव्हतं, नुसते पाय उचलेनात. खाली साहेब घड्याळ धरून उभे होते. तेलही गेलं, तूपही गेलं.

संध्याकाळी मी विचारलं, वाईट वाटतंय का.

"काहीच वाटत नाही रे," तो म्हणाला. "भूकसुद्धा लागत नाही."

आता तो साध्या कपड्यांत टेलिफोनवर बसतो. पत्ता लिहून घेतो, घंटा दाबतो, गाडी गेली की दार लोटून घेतो. भात सुरू झाला, पोट परत आलं. गेल्या आठवड्यात तीच पँट घेऊन दुकानात आला. कमरेत सोड म्हणाला. टेलिफोनवर गणवेश लागत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. मी चारही वेळची शिवण उसवली आणि नवी घातली. त्याने पँट घालून पाहिली. नीट बसली. मग काढून, घडी घालून पिशवीत ठेवली.