चिकटणे म्हणजे बरे करणे नव्हे

डॉ. कुमुद फडणीस यांची आणि माझी ओळख झाली ती त्यांच्या एका प्रश्नाने. मी धारहून देवासला त्यांच्या महाविद्यालयात संशोधनासाठी आलो होतो. पहिल्याच महिन्यात मी बनवलेला एक रेणू डीएनएला चिकटल्याचे यंत्राने दाखवले आणि मी हर्षवायू झाल्यासारखा मॅडमच्या खोलीत शिरलो. त्यांनी आलेख पाहिला, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "चिकटला? छान. गोंदही चिकटतो. पुढे काय करतो ते सांग." मी आलेख घेऊन पुन्हा यंत्रापाशी गेलो. आज पीथमपुरातल्या औषध कारखान्यात, तपासणी विभागात बसून मी तोच प्रश्न इतरांना विचारतो. त्यामुळे तिथे माझ्याशी फारसे कोणी प्रेमाने बोलत नाही.

मॅडमच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथात त्यांच्या कामाविषयी जाणकार लिहितीलच. मी आपला थोडक्यात सांगतो. डीएनए म्हणजे पीळ दिलेली शिडी. काही लहान रेणू तिच्या कडेच्या खाचेत जाऊन बसतात, काही चपटे रेणू थेट दोन पायऱ्यांच्या मधे सरकतात. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर ही शिडी मधोमध उघडावी लागते. मधे रेणू अडकला की ते काम खोळंबते. कर्करोगाच्या भराभर वाढणाऱ्या पेशींना असे अडवता येते, आणि आज कितीतरी औषधे हेच करतात. अडचण एवढीच, की निरोगी पेशीतही तीच शिडी असते. रोगी पेशीला धरील आणि निरोगीला सोडील असा रेणू हवा, या ध्यासापायी मॅडमनी उभी हयात घालवली. तो मिळणार याविषयी त्यांना तिळमात्र शंका नाही. मिळाला, असे कोणी म्हटले की मात्र त्या शंभर शंका काढतात.

आम्ही विद्यार्थी बहुतेक हिंदी शाळांत शिकलेले. इंग्रजी पुस्तक उघडले की घाम फुटायचा. मॅडम तीच गोष्ट आधी हिंदीत समजावत, मग इंग्रजीत, आणि कोणी कंटाळलेला दिसला की पुन्हा हिंदीत. मराठी घरातला मुलगा असला तर त्याच्याशी त्यांचे जुन्या वळणाचे मराठी सुरू होई. "तीर्थरूप कसे आहेत?" असे त्यांनी मला विचारले, तेव्हा त्या माझ्या वडिलांची चौकशी करताहेत हे कळायला मला घरी जाऊन आईला विचारावे लागले.

पण मॅडम मला खऱ्या कळल्या त्या एका खोट्या बातमीमुळे. देवासच्या प्राध्यापिकेने कर्करोगावर औषध शोधले, असे एका स्थानिक वर्तमानपत्राने छापले. प्रत्यक्षात हाती होता एक रेणू, तोही फक्त काचेच्या नळीत तपासलेला. देवासच्या मराठी समाजातल्या मंडळींनी शाल-श्रीफळाची तयारीही केली. मॅडमनी सत्कार रद्द करवला आणि वर्तमानपत्राला खुलासा छापायला लावला. पण खुलाशाच्या आधी बातमी जवळच्या सोनकच्छ गावी पोचली होती.

तिथल्या धान्यमंडीतले आडते बद्रीलालजी आपल्या पत्नीला, गीताबाईंना, घेऊन प्रयोगशाळेत आले. गीताबाईंना स्तनाचा कर्करोग होता. इंदूरला केमोथेरपीच्या लाल औषधाची सलाईन सुरू झाली होती, पण उलट्यांनी आणि केस गळण्याने त्या खचल्या आणि उपचार अर्धवट सोडून बसल्या.

"मैडम, आपकी वाली दवई दे दो," बद्रीलालजींनी हात जोडले. "वो लाल बोतल अब इनको नी लगवानी."

'माझ्याकडे औषध नाही' एवढे सांगून मॅडमना मोकळे होता आले असते. मग ती दोघे एखाद्या जडीबुटीवाल्याकडे गेली असती आणि गीताबाई हाती लागल्या नसत्या. मॅडमनी आपली पर्स ओढली, तिच्या चेनमध्ये दोऱ्याचा तुकडा अडकवला आणि ती गीताबाईंच्या हातात दिली. "खींचो." चेन सरकेना.

"लाल दवा अंदर जाके यही करती है. बीमारी को आगे नी बढ़ने देती. बालों की जड़ें भी जल्दी बढ़ती हैं, तो वो भी लपेटे में आ जाती हैं. और मेरी वाली? वो तो अभी काँच की नली से बाहर ही नी निकली. वो मैं आपको नहीं दूँगी."

गीताबाईंनी डोक्यावरचा पदर सावरला आणि हा रोग मॅडमना झाला असता तर त्यांनी काय केले असते, असे आपल्या माळवीत विचारले, "तमारे हुई होती तो तम कईं करता?"

मॅडम म्हणाल्या, "लाल वाली लेती. रोती, डॉक्टर से झगड़ती, पर लेती."

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः गीताबाईंना घेऊन इंदूरला गेल्या. उलट्या किती होतात हे डॉक्टरांना कोणी धड सांगितलेच नव्हते. मॅडमनी ते गीताबाईंच्याच तोंडून वदवले, आणि उलट्यांवरची गोळी बदलून मिळाली. पुढच्या प्रत्येक सलाईनला मॅडम त्यांच्या शेजारी बसल्या. त्या दिवशी महाविद्यालयात बैठक असो की पाहुणे, मॅडम जागेवर सापडत नसत. कुठे जातात, हे आम्हाला बद्रीलालजींकडून कळले.

या ग्रंथासाठी गीताबाईंचे दोन शब्द घ्यायला मी नुकताच सोनकच्छला गेलो. त्या ओसरीवर गहू निवडत बसल्या होत्या. मॅडमविषयी काय लिहू, म्हणून विचारले, तर सूप खाली ठेवून म्हणाल्या, "लिख दे भिया, मैडम ने म्हारे दवई नी दी, जदी तो हूं आज बैठी हूं."

औषध दिले नाही म्हणूनच मी आज बसले आहे, हे ऐकून माझे डोळे भरून आले, आणि ते मी लपवलेही नाहीत.

मॅडमना ठणठणीत प्रकृतीचे शंभर वर्षांचे आयुष्य लाभो. त्यांच्या एखाद्या रेणूला औषध म्हणवून घेण्याचा मान मिळो, तो दिवस पाहायला त्या आपल्या प्रयोगशाळेत असोत, आणि त्या रेणूविषयी पहिली शंकाही त्यांनीच काढावी.