पडण्याआधी फिरवायचं

टुक्! भर दुपारच्या निःशब्दतेत, कूलरच्या घरघरीवर उमटणारा हा इवलासा नाद सध्या माझ्या फार जिव्हाळ्याचा झाला आहे. तळहातात मावणारं पिवळं प्लास्टिकचं यंत्र आणि त्याच्या धुरकट काचेवर वरून संथपणे उतरणारे काळे ठोकळे: कुणी लांबट, कुणी चौकोनी, कुणी काटकोनात वळलेला. एकेकाला फिरवायचं, डावी-उजवीकडे सरकवायचं, खालच्या फटीत नेमकं बसवायचं. आडवी ओळ गच्च भरली की ती विरून जाते आणि वर तेवढंच आकाश मोकळं होतं. एवढासा खेळ! पण साठी उलटलेल्या बाईला त्याने असं झपाटून टाकावं?

त्याचं असं झालं. संक्रांतीच्या सुमारास गच्चीवर घसरले आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हात माझाच होता, बोटं मात्र परकी. अंगठा तर रुसूनच बसलेला. डॉक्टर म्हणाले, बोटं हलवत राहा. रबरी चेंडू दाबून दाबून मी कंटाळले. मग एक दिवस पत्र्याच्या ट्रंकेत हा खेळ सापडला. माझ्या लेकीचा, वर्षाचा. दहावीच्या वर्षी मीच तो तिच्या हातून हिसकावून कुलपात टाकला होता. परीक्षा झाली की देईन म्हणाले आणि साफ विसरले. आता नवे सेल घातले, तर बया जिवंत!

उजव्या अंगठ्याखालचं मोठं बटण ठोकळा फिरवतं. माझा अंगठा ते दाबेपर्यंत ठोकळा तळाला टेकून आडमुठेपणाने बसलेला असे, आणि एकदा टेकला की ब्रह्मदेव आला तरी तो हलत नाही. डावा अंगठा मदतीला धावायचा. त्याला मी दटावलं. लबाडीने जिंकायचं कुणाला होतं? मला आखाजीला मांडे करायचे होते.

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते आणि तिच्या पानात मांडा पडतो. मांडा म्हणजे पोळपाटावर निवांत लाटायची पोळी नव्हे हो! पुरण भरलेली पुरी दोन्ही हातांवर झेलत, फिरवत, थेट कोपरापर्यंत पसरवत न्यायची आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद सोडायची. तिथे टेकला की टेकला. जे काय फिरवायचं ते पडण्याआधी! चाळीस वर्षं हात जे करत आले, ते मला त्या धुरकट काचेत पहिल्यांदा दिसलं.

अक्का, माझ्या थोरल्या नणंदबाई, पारोळ्याहून आल्या त्या उपदेश घेऊनच. "हाऊ हात शे का लाकूड? बठ्ठा मांडा फाटी जातीन. करनारी बाई बलाई ले!" माझ्या आखाजीचे मांडे करायला दुसरी बाई बोलवायची? अस्सा राग आला मला! खेळ काढला आणि खुर्चीत जाऊन बसले. होळीला एक ओळ विरली होती, पाडव्याला चार, चैत्र सरता सरता ठोकळे भराभर कोसळू लागले, तरी अंगठा मागे हटेना. दुखायचा, ठणकायचा, पण फिरवायचा.

आखाजीच्या सकाळी वर्षा पिंपळनेरहून आली. चूल पेटली, खापर तापलं. पहिला मांडा हातांवर घेतला आणि ऐन वेळी अंगठा अडला. मांडा फाटला, पुरण खापरावर सांडून करपलं. डोळ्यांत पाणीच आलं. आता अक्का काय म्हणतील, या धास्तीने मी मान वर केली नाही. त्यांनी करपलेलं पुरण खरवडलं, नवी पुरी भरली आणि माझ्यापुढे धरली.

"ले, फिराव."

घेतली. फिरवली. मनगटावरून कोपराकडे ती पातळ होत निघाली, तोच दारात वर्षा दिसली. फळीवरचं ते पिवळं यंत्र तिच्या हातात होतं.

"आई, हा तर माझा गेम!"

दोन्ही हात अडकलेले, नजर मांड्यावर. तरी म्हणाले, "झाली गं तुझी परीक्षा. घे आता."

ती हसली, डोळे पुसले आणि पाट ओढून चुलीपाशीच खेळायला बसली. टुक्! तिचा ठोकळा बसला. इकडे माझा मांडा खापरावर उतरला. अख्खा.