सातशे रुपयांचा हलका हात

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, एका वेळचे सातशे रुपये ठरवून, डॉक्टरांनी पाठवलेली मालिशवाली ताई आमच्या सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये आली. घरात आम्ही नवरा-बायको दोघंच. स्तनाच्या ऑपरेशननंतर बायकोचा हात सुजला होता. भाचीच्या लग्नासाठी शिवलेल्या ब्लाउजची बाही शिंप्याने सैल केली, तरी चढेना. आणखी सोडायला कापड नव्हतं.

ताई डोळे मिटून मानेपासून हातापर्यंत बोटं इतकी हलकी फिरवत होती, की झोपलेलं मांजरही जागं झालं नसतं.

“जरा जोर लावा ना,” मी म्हटलं.

“भाऊ, कणीक मळून राहिली का मी? कातडीखालचं पाणी सरकवून राहिली.”

“यांले सातशेत घाम दिसाले पायजे,” म्हणत बायको हसली. किती दिवसांनी!

ताई येत राहिली. लग्नापर्यंत सूज बरीच उतरली आणि तीच बाही ढिली झाली. ती आत घ्यायचे शिंप्याने चाळीस रुपये मागितले. मी घासाघीस न करता दिले.