निळ्या ट्रॅक्टरची दांडी

"एक भोक पाडलंत तर काय त्या ट्रॅक्टरला दुखणार आहे?"

"कारखान्यानं पाडलेलं नाही ते भोक मी पाडणार नाही."

हे भांडण मी ऐकलं ते मागच्या पायरीवर शेंगा सोलताना. मुद्दाम कान लावून नाही. आमचं घर आणि दिरांचं घर यांच्यात एकच भिंत. मागची अंगणंही जोडलेली. मध्ये कुंपण घालायचं असं दोघा भावांनी एकदा ठरवलं होतं, पण मग दोघंही विसरले. त्यांच्याकडे चमचा पडला तर आमच्याकडून कुणीतरी "काय पडलं?" म्हणून विचारायचं.

भोक पाडा म्हणणारी ती धाकटी, म्हणजे माझी जाऊ. न पाडणारे ते माझे भाऊजी. ते पाणीपुरवठ्याच्या पंपावर फिटर होते. जन्मभर पंपांच्या घरघरीत राहिल्यामुळे घरीही ओरडूनच बोलायचे आणि त्यांना ऐकू जावं म्हणून धाकटीही ओरडायची. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला वाटायचं, यांचं रोजच जुंपतं. पुढे कळलं की ओरडतात ते साधं बोलणं. खरं भांडण असलं की दोघं हळू बोलायचे. त्या दिवशी ते फार हळू बोलत होते.

ट्रॅक्टर म्हणजे शेतातले मोठे नव्हेत. बागेतलं गवत कापायला, माती-खत ओढायला असतात ते छोटे. मोठ्या ट्रॅक्टरचं पोर म्हणावं एवढे. माणूस वर बसला की गुडघे हनुवटीला टेकतात. भाऊजींना त्यातले जुने लागायचे, बनवणारी कंपनीच बंद पडलीय असे. नवा ट्रॅक्टर त्यांना कुणी फुकट दिला असता तरी त्यांनी दारातून परत पाठवला असता. भंगारवाल्याकडून गंजलेला सांगाडा आणायचा, तो पूर्ण उघडायचा, एकेक नट रॉकेलात बुडवून ठेवायचा (धाकटीची किती पातेली त्यात गेली), तारेच्या ब्रशानं घासायचा आणि कारखान्यातून निघाला तेव्हा होता तसा पुन्हा उभा करायचा. हा त्यांचा नाद. पंपावरून निवृत्त झाल्यावर तर मागच्या शेडमधून ते जेवायलाच काय ते बाहेर यायचे.

"ओरिजिनल" हा शब्द त्यांच्या तोंडी इतका की गल्लीनं त्यांचं तेच नाव पाडलं. पोस्टमन दारात येऊन विचारायचा, ओरिजिनल आहेत का घरात? धाकटी म्हणायची, आहेत, पण गंजलेत.

शेडमध्ये तीन ट्रॅक्टर होते. एक लाल, एक निळा, आणि तिसरा कायम उघडा, त्याचा रंग कुणी पाहिलाच नाही. निळा सगळ्यांत लाडका. तो आणला तेव्हा त्यावर कुणीतरी हिरवा रंग थापलेला होता. खालचा खरा रंग कोणता हे शोधायला भाऊजींनी हत्यारांची पेटी सोडवली. तिच्या खाली ऊन कधी पोचलं नव्हतं, तिथे नखाएवढा निळा निघाला. तेवढ्या तुकड्यावरून त्यांनी रंगाच्या दुकानदाराचं डोकं खाऊन तसाच रंग बनवून घेतला. मला बोलावून दाखवला. मी म्हटलं, छान आहे. ते म्हणाले, छान नाही वहिनी, बरोबर आहे.

शनिवारी सकाळी तिन्हींतले चालू असतील ते सुरू करायचे, हा नेम. उभं राहिलं की इंजिन जाम होतं म्हणे. आणि बंद करतानाही चावी फिरवून मोकळे व्हायचे नाहीत. पेट्रोलची तोटी बंद करायचे आणि नळीत उरलेलं पेट्रोल संपून इंजिन आपसूक विझेपर्यंत शेजारी थांबायचे. पेट्रोल आत साचलं की त्याचा चिकटा होतो, असं कारण. धाकटी म्हणायची, माझा ताप उतरेपर्यंत एवढे बसत नाहीत.

आता भांडणाचं. आमच्या मागची जमीन लांब आणि उताराची. अगदी खाली, सपाटीवर धाकटीची बाग होती. घेवडा, दोडका, कडेला गुलाब आणि बसायला एक दगडी बाक. तिला कुणाशी बोलायचं नसलं की ती तिकडे जायची. कुणाशी बोलायचं असलं की मला घेऊन जायची. मग तिचे गुडघे गेले. उतरताना कसंतरी जमायचं, चढताना दर चार पावलांवर उभी. भाऊजी म्हणाले, ट्रॉलीत बसवून नेतो. ट्रॉलीतून खत जायचं. ती म्हणाली, मी काय पोतं आहे?

तिला स्वतः चालवत जायचं होतं. चालवायला त्यांनीच शिकवलं होतं, पूर्वी, हौसेनं. निळा ती छान चालवायची. पण आता वर चढायची पंचाईत. पाय उचलून पलीकडे टाकायचा तर हाताला धरायला काही नाही. स्टिअरिंग धरलं तर ते फिरतं. मडगार्ड, म्हणजे चाकावरचा पत्रा, तो तर भाऊजींनी असा चकचकीत केलेला की हात ठरत नाही. त्यांनी लाकडी स्टूल करून दिलं. त्यावरून ती एकदा घसरली, आणि तसंही खाली बागेत उतरल्यावर परत चढायला स्टूल कुठून येणार? तिचं म्हणणं साधं होतं. डाव्या मडगार्डवर लोखंडाची एक दांडी बसवा, बसच्या दारात असते तशी. दोन भोकं, दोन बोल्ट.

आणि भाऊजी नाही म्हणाले.

ते वाईट होते असं नाही. धाकटीच्या दुखण्याला रात्री-अपरात्री उठणारा माणूस. पण तीस वर्षं न मिळणारा नट तीस वर्षं शोधणाऱ्या माणसाला नवं भोक पाडायला सांगणं म्हणजे काय, ते मला आता थोडं कळतं. तेव्हा मी शेंगा सोलत होते आणि मनात म्हणत होते, पाडा की.

मार्ग काढला भंगारवाल्यानं. तो म्हणाला, या निळ्यासारख्या काही गाड्यांना कारखान्यातूनच दांडी यायची, मी एकीवर बघितलीय. झालं. भाऊजींचा चेहराच उजळला. धाकटीला म्हणाले, "मिळू दे, लगेच लावतो. ओरिजिनल." ती म्हणाली, "तोवर मी टिकले पाहिजे." तिघंही हसलो. गंमतच होती तेव्हा ती.

मग शोध सुरू झाला. भंगाराची एकेक वखार. कुणी सांगितलं अमक्या गावाला आहे की हे निघाले डबा घेऊन. येताना दुसरंच काही आणायचे, एखादं झाकण, एखादी स्प्रिंग. दांडी नाही. त्यात एक हिवाळा गेला, दुसरा गेला. धाकटी वरच्या पायरीवर बसून खाली बघायची. घेवडा वेडावाकडा माजला. शनिवारी भाऊजी निळा घेऊन खाली जायचे, पाणी घालायचे, शेंगा तोडून आणायचे. त्या जून असायच्या. कोवळ्या कशा ओळखायच्या हे तिनं वरून ओरडून सांगितलं तरी त्यांना जमायचं नाही. तिनं पुन्हा दांडीचं नाव काढलं नाही. पुढे ती अंथरुणाला लागली ते गुडघ्यांनी नव्हे, पोटातल्या दुखण्यानं. डॉक्टरांनी भाऊजींना बाहेर बोलावून सांगितलं, मला भाऊजींनी सांगितलं, तिला कुणी सांगितलं नाही आणि तिला सगळं ठाऊक होतं.

दांडी मिळाली ती त्यानंतर. कुणाच्या तरी खुराड्याच्या दाराला मूठ म्हणून बसवलेली होती. खुराडेवाला सोडेना, तेव्हा यांनी त्याला नवी मूठ, नव्या बिजागऱ्या आणि अख्खं नवं दार करून दिलं. दांडी घरी आणून पुन्हा घासली, रंगवली, वाळवली. मी म्हटलं, भाऊजी, असू दे आता, तशीच लावा. ते म्हणाले, रंगाचे दोन हात झाल्याशिवाय कशी लावू?

लावायच्या दिवशी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. त्यांनी दांडी डाव्या मडगार्डला लावून धरली, पेन्सिलीनं खुणा केल्या. भोक पाडायला आता त्यांची हरकत नव्हती, कारखान्याच्याच दांडीसाठी ते पडणार होतं. ड्रिल मशीन लावलं. पत्र्याला भोक पाडताना कशी किंचाळी निघते, ती निघालीच नाही. मशीन लोण्यात गेल्यासारखं आत गेलं. लोखंडाचा कीस पडायचा तिथे पांढरी भुकटी पडली.

त्यांनी मशीन बंद केलं. दुसऱ्या खुणेवर लावलं. तिथेही तेच. भुकटी बोटावर घेऊन चोळली. मी कपडे टाकून जवळ गेले.

"वहिनी, भोकं होती इथे."

"मग बुजवली कुणी?"

त्यांनी त्या दोन ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. "मीच. आणला तेव्हाच. मला वाटलं, आधीच्या मालकानं पाडलीत."

लांबी म्हणतात त्या भुकटीला. रंगारी पत्र्यातले खड्डे भरायला वापरतात. यांनी ती दोन्ही भोकांत भरली होती, घासून सपाट केली होती, वर खऱ्या निळ्या रंगाचे तीन हात दिले होते. इतकं सफाईनं की त्यांचं त्यांनाही आठवलं नाही. सगळ्या ट्रॅक्टरवर चुकीची म्हणून बुजवली ती तेवढीच दोन, आणि तीच बरोबर होती.

मला वाटलं, आता काहीतरी होईल. मशीन फेकतील, निदान खाली बसतील. त्यांनी फडक्यानं भुकटी पुसली आणि धाकटीला सांगायला आत गेले. खिडकी उघडी होती. ते हळू बोलत होते. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.  ती म्हणाली,

"म्हणजे माझी जागा बरोबर होती."

"हो."

"लावा आता. कुणाला तरी लागेल."

त्यांनी दांडी लावली. मग निळा सुरू करून तिच्या खिडकीला अगदी चिकटवून उभा केला. ती उशीवरून थोडी सरकली, खिडकीतून हात काढून दांडी धरली. इंजिन चालू होतं. तिचा हात थरथरत होता तो इंजिनानं. भाऊजी सीटवर बसून समोर बघत होते, गाडी चालवत असल्यासारखे.  मी राहिलेले कपडे वाळत घातले.

थंडी सरायच्या आत ती गेली. भाऊजी रडले नाहीत. येणारी-जाणारी माणसं माझ्याकडे बघून पुटपुटायची, यांना काही वाटत नाही का? दात काढायच्या आधी सुई देतात, मग आपलाच गाल आपल्याला दुसऱ्याचा वाटतो, चावला तरी कळत नाही. तसं होतं ते. मलाही तसंच होतं. मी तिच्या साड्या घडी करून ठेवल्या आणि घड्या नीट आल्या का एवढंच बघितलं. पहिल्याच शनिवारी शेडमधून इंजिनाचा आवाज आला तेव्हा मुक्कामाला आलेली नणंद म्हणाली, बघा. मी म्हटलं, शनिवार आहे.

पुढे वर्षं गेली ती अशीच, शनिवारांची. तिसरा ट्रॅक्टर उघडाच राहिला. लाल त्यांनी एका हौशी माणसाला देऊन टाकला. नवीन काही आणलं नाही. भंगारवाला यायचा, चहा घ्यायचा, काय काय मिळालंय ते सांगायचा. भाऊजी मान डोलवायचे. "ओरिजिनल" हा शब्द मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही. गल्ली मात्र त्यांना तेच म्हणत राहिली. त्यांचा डावा पाय अधू झाला तेव्हा मी एकदा म्हटलं, खाली कशाला जाता, बाग राहू दे. ते म्हणाले, शेंगा वाया जातात.

ते गेले तेही शनिवारीच, संध्याकाळी, खुर्चीत बसल्या बसल्या. चहाचा कप तसाच. पण ते संध्याकाळचं. सकाळी मी पायरीवर होते आणि सगळं नेहमीसारखं बघितलं.

त्यांनी शेडचं दार उघडलं. निळ्यावरचं फडकं काढून घडी घातली. पेट्रोल बघितलं, ट्रॉलीत पाण्याचे कॅन चढवले. मग डाव्या हातानं दांडी धरली, एक दम घेतला, दांडीवर सगळा भार टाकून पाय पलीकडे नेला आणि बसले. दांडीचा रंग धरण्याच्या जागी उडून खालचं लोखंड दिसत होतं. तो त्यांनी पुन्हा लावला नव्हता. उतारावरून हळूहळू खाली गेले. बाकापाशी थांबले, दांडी धरून उतरले, पाणी घातलं, वाकून वाकून शेंगा तोडल्या, दांडी धरून चढले.

वर आल्यावर माझ्या पायरीशी थांबले, उतरले नाहीत. टोपली पुढे केली.

"बघा, जमल्यात का."

मी एक मोडून बघितली. कोवळी होती, कट्कन मोडली. मी म्हटलं, जमल्यात. त्यांनी मान हलवली आणि निळा शेडमध्ये नेला. पेट्रोलची तोटी बंद केली आणि सीटवरच बसून राहिले. इंजिन थोडा वेळ चाललं, एकदा खोकलं, पुन्हा चाललं, मग विझलं. ते दांडी धरून खाली उतरले, सीटवर फडकं टाकलं आणि दाराला कडी लावली.