पान नंबर सत्तेचाळीस

चहा घ्या आधी. हा किस्सा ऐकल्यावर माझ्याविषयीचं तुमचं मत बदलणार आहे, तेव्हा जुन्या मतावर निदान एक कप तरी होऊन जाऊ द्या. अहो, गाढवपणा कोण करत नाही? पण लोक तो घरच्या घरी उरकतात. मी केला निवड समितीसमोर, आणि वर स्वतःच्या हाताने पुरावासुद्धा सादर केला!

त्याचं असं झालं. मी अलिबागच्या एका कॉलेजात भूगोल शिकवतो. आम्हा प्राध्यापकांत माणसाची किंमत सायटेशनवर ठरते. म्हणजे तुम्ही शोधनिबंध लिहायचा, आणि दुसऱ्या कुणी आपल्या निबंधात त्याचा उल्लेख केला, की झालं एक सायटेशन. ज्याचे उल्लेख जास्त तो विद्वान. आकडा बघितला की काम संपलं, निबंध वाचायचा त्रासच नाही. तुम्हीच सांगा, इतकी सोय दुसऱ्या कुठल्या धंद्यात आहे?

गेल्या वर्षी आमच्या विभागात एक कायमची जागा निघाली. अर्ज करणाऱ्यांत आमच्याच नसरीन मुकादम होत्या. आठ वर्षं आमच्याकडे तासिका तत्त्वावर, दर वर्षी नवी नेमणूक, दर वर्षी तीच धाकधूक. बाई गुणी. शेवटच्या तासालाही पोरं त्यांच्या वर्गात बसून राहतात, यावरून काय ते समजा. मला म्हणाल्या, "सर, यंदा नाही झालं तर मस्कतला भावाकडे जाते. तिथल्या शाळेत शिकवीन. अब्बा एकटे पडतील हो, पण असं लटकत किती वर्षं राहायचं?"

मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, मनापासून वाटलं. पण अर्जांची छाननी माझ्याकडे, आणि मी पडलो नियमाचा पक्का. कॉम्प्युटर उघडला, त्यांचं नाव टाकलं. सायटेशन किती? शून्य! त्यांचा पीएचडीचा प्रबंध टेबलावर होता, चांगला उशीला घेता येईल इतका जाड. उघडला का? छे! शून्यवाल्याचं काय उघडायचं? 'संशोधन' या रकान्यात मी शाईने टपोरं शून्य काढलं आणि घरी गेलो.

घरी वेगळंच रामायण चाललं होतं. आमची नागावात नारळ-सुपारीची लहानशी वाडी आहे आणि एक विहीर. आजूबाजूला पाहुण्यांसाठी खोल्या वाढल्या, पंप वाढले, समुद्राचं खारं पाणी आत ओढलं गेलं, आणि फेब्रुवारीत आमच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं. डाळ शिजेना, सुपारी पिवळी पडायला लागली.

"भूगोल शिकवता ना?" बायको म्हणाली. "मग करा काहीतरी!"

"अगं, माझा विषय जरा व्यापक आहे."

"विहीर त्याच्यात बसत नाही का?"

मी वाडीत जाऊन उभा राहिलो. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारचे हिरामणभाऊ म्हणाले, "सर, पानी मचूळ आलंय व्हय? मंग तुमच्याकडं कागद न्हाय?"

"कसला कागद?"

"इहिरीचा! आवो, सगल्यांकडं हाय."

त्यांच्या पडवीत दिनदर्शिकेशेजारी खिळ्याला एक पान टांगलेलं होतं. झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स. कुठल्या तिथीला भरती-ओहोटी कधी, त्या दिवशी पंप कधी लावायचा, किती मिनिटांनी बंद करायचा, मग विहिरीला किती विसावा द्यायचा. गोडं पाणी वर तरंगतं आणि खारं तळाशी असतं, म्हणून पाइप वर उचलून घ्या, हेही चित्र काढून दाखवलेलं. तिथीच्या शेजारी आणखी एक रकाना होता, 'चाँद'. म्हणजे मुसलमान घरांनाही आपल्या तारखांनी वाचता यावं.

"कुणी केलंय हे?" मी विचारलं.

"कोनाला ठाव? किहीमच्या मेव्हन्यानं दिला. त्याला कोनी दिला त्ये त्याला पन न्हाय ठाव."

मी झेरॉक्स काढून आणली आणि कागद सांगेल तसं वागलो. दोन महिन्यांत पाणी पिण्याजोगं झालं! बायको दोन दिवस माझ्याशी आदराने बोलली. मी तर त्या कागदावर फिदाच झालो. प्लास्टिकमध्ये घालून बॅगेत ठेवला, आणि गावात भेटेल त्याला दाखवत सुटलो.

अशातच मुलाखतीचा दिवस आला. समितीत प्राचार्य, बाहेरून आलेले एक तज्ज्ञ सर आणि मी. नसरीन समोर बसल्या. शिकवण्याबद्दल विचारलं, उत्तरं झकास. शेवटी माझी पाळी. मी घसा साफ केला.

"मॅडम, आठ वर्षांत तुमच्या संशोधनाचा कुणी एकदाही उल्लेख केलेला नाही. शून्य!"

"हो सर."

"मग त्याचा समाजाला काय उपयोग?"

त्या काही बोलायला लागल्या होत्या, पण मला कुठला धीर! मी बॅगेतून तो कागद काढला आणि टेबलावर थापला.

"हे बघा! साधं एक पान. नाव नाही, गाव नाही. पण नागावपासून किहीमपर्यंत घराघरांत लागलंय. याने माझी विहीर वाचवली. याला म्हणतात संशोधन, मॅडम! असं काहीतरी करायला हवं होतं तुम्ही!"

नसरीननी कागद उचलला. त्यांचे डोळे भरून आले, आणि मला वाटलं, बोललो ते वर्मी लागलं बुवा.

"सर," त्या म्हणाल्या, "माझा प्रबंध तुमच्या कोपराखाली आहे. त्यातलं पान सत्तेचाळीस काढता?"

मी कोपर उचललं. प्रबंध तज्ज्ञ सरांनीच ओढून घेतला, पान काढलं आणि शेजारी माझा कागद ठेवला. तीच तिथी, तोच पाइप, तोच 'चाँद'!

"तो रकाना अब्बांसाठी घातला होता," नसरीन हळूच म्हणाल्या. "त्यांना तिथीचं जमत नाही. मी गावात चार जणांना पान दिलं होतं. पुढे कुठे गेलं, मला खरंच माहीत नव्हतं."

मला वाटलं, टेबलाखाली काही पडलंय असं दाखवून खाली वाकावं आणि मुलाखती संपेपर्यंत वर येऊच नये.

प्राचार्य फार शांत माणूस. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "सर, या कागदाबद्दल तुम्ही आत्ता काय म्हणालात?"

"याला... म्हणतात संशोधन."

"हं. लिहून घेतो. आणखी काय? घराघरांत?"

"नागावपासून किहीमपर्यंत," मी म्हणालो. उमेदवाराला पाडायला बसलेला मी, त्यांचा एकुलता एक साक्षीदार झालो! मग त्या टपोऱ्या शून्यावर काट मारली, नवे गुण लिहिले आणि शेजारी खाडाखोडीची सही केली.

जागा नसरीनना मिळाली. मस्कत राहिलं. मी त्यांच्याकडे गेलो आणि सरळ सांगून टाकलं, "माझं चुकलं. मी तुमचा प्रबंध उघडलाच नव्हता."

"माहीत आहे सर. मुलाखतीत वरचं प्लास्टिकसुद्धा तज्ज्ञ सरांनीच फाडलं."

मी विचारलं, मग एखाद्याचं काम चांगलं की वाईट, हे ओळखायचं तरी कसं? त्या म्हणाल्या, "आकडा पुसायचा नाही सर, पण त्याच्यावर थांबायचं नाही. कुणी उल्लेख केला, कशासाठी केला, ते वाचायचं. आणि बाहेर कुणी वापरतंय का, ते जाऊन विचारायचं."

मला पटलं. पण स्वभावाला औषध आहे का? मी म्हटलं, "मग माझा तो किनाऱ्याच्या धुपेवरचा पेपर घ्या. चांगली एकतीस सायटेशन्स आहेत! बघा तपासून."

बाईंनी खरंच तपासली. आठवड्याने वही घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या.

"सर, एकतीसपैकी चोवीस तुमचीच आहेत."

"असेल. स्वतःचं काम स्वतः विसरू नये माणसाने. बाकीची सात?"

"सहा तुमच्याच हाताखाली पीएचडी केलेल्या मुलांची."

"आणि सातवं?"

त्यांनी वही मिटली. "सातव्याने लिहिलंय, की तुमचा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. तीन पानं लिहिलंय, सर."

काय सांगू तुम्हाला, माझा ऊर भरून आला. निदान एकाने तरी वाचला होता!